दोन मीटर

उद्यानाच्या वेशीवर पाटी आहे:
कुत्रा दोरीला हवा.
माझी दोरी दोन मीटरची.
तुहकाला पाटी वाचता येत नाही,
तरी तो माझ्याकडे असा बघतो
जसा पेन्शनीत गेलेला फौजदार
नव्या शिपायाकडे बघतो.

अकरा वर्षं त्याने ओउलाचे रेनडिअर वळले.
याच टेकड्या, हाच शेवाळाचा वास.
तेव्हा गळ्यात काही नव्हतं त्याच्या,
फक्त शिट्टी यायची ओउलाची,
अर्ध्या मैलावरून, वाऱ्याच्या आडून.

आता ओउला रोव्हानिएमीच्या इस्पितळात
गुडघ्यात नवा धातू घेऊन पडलाय,
आणि मी, शेजारची सिनिक्का,
एकतीस वर्षं टपालाची गाडी हाकलेली,
त्याचा कुत्रा घेऊन निघालेय.
"चालव," एवढंच म्हणाला होता,
"बसला तर म्हातारा होईल."
कोण, ते विचारायचं राहिलं.

सप्टेंबर. खुजे बर्च गुडघ्याएवढ्या उंचीवर पेटलेत.
ब्लूबेरी मी ओंजळीने ओरबाडते, पाल्यासकट,
तो पुढच्या दातांनी एकेक खुडतो,
पान हलू न देता.
ओढ्यात माझा पाय चुकतो. बुटात पाणी.
तो पलीकडे थांबून माझी वाट बघतो
आणि मी पोचल्यावर अंग झाडतो, माझ्यावर.

इथल्या झोपडीला कुलूप नसतं.
चूल, फोडलेलं सरपण,
बाकावर तुर्कूहून आलेले बाप-लेक.
कुत्रा आत घ्यायचा तर सगळ्यांची हो लागते.
"चालेल का?"
बाप हो म्हणतो. मुलगी शिंकते,
लाजते, पुन्हा शिंकते.
"अहो, तंबू आहे माझ्याकडे," मी म्हणते.
आहे, पण त्याच्या मोडक्या दांडीला
गेल्या उन्हाळ्यापासून डाव बांधलाय.
थोड्या वेळाने मुलगी बाहेर येते,
गरम पाण्याची बाटली देते, मोज्यात गुंडाळलेली,
आणि लांबूनच त्याला हात करते.

रात्री ओल्या लोकरीचा वास, माझा की त्याचा.
तो दाराशी आडवा, तोंड बाहेर.
झोपेत पाय धावतात त्याचे.
कुठल्या सालातला कळप वळवतोय, कोण जाणे.

पहाटे टक्, टक्.
चालताना रेनडिअरच्या पायात शीर वाजते,
दिसायच्या आधी ऐकू येतात ते.
मग धुक्यात शिंगं, मग शिंगांखालची जनावरं.
तुहका उभा. भुंकत नाही.
सगळा कुत्रा दोन कानांत गोळा झालेला.
सोडावं का?
पाटी आठवते. खरं तर पाटी नाही,
त्याचा मागचा डावा पाय आठवतो,
जो काल त्याने तीनदा उचलून धरला.
मी दोरी सोडत नाही.

तेव्हा तो वळतो.
पोट जमिनीला टेकवून
माझ्याभोवती अर्धा फेरा घेतो,
मग पूर्ण, मग आणखी एक.
दोरी पोटऱ्यांवर गुंडाळत जाते
आणि मी दवात, नुसत्या मोज्यांवर,
उभी. कुठे जाणार?
एवढं एकच जनावर हाताशी होतं,
ते त्याने नीट गोळा केलं.

दुपारी माथ्यावर फोनमध्ये जीव येतो.
"दिसले?" ओउला विचारतो.
किती, ते आमच्याकडे विचारत नाहीत;
पगार विचारल्यासारखं होतं.
"कान बघितलेस? खाचा कुणाच्या?"
"लांब होते. धुकं होतं."
"त्याने बघितले असतील."
मागे कुणीतरी जेवणाची गाडी ढकलत नेतं.
"त्याला दे फोन."

मी खाली वाकून धरते.
शिट्टी येते, बारीक,
पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी.
तुहका फोनकडे बघतसुद्धा नाही.
दक्षिणेकडे मान वळवतो,
दोन मीटर जातो,
आणि तिथे उभा राहतो.